३० हजारांत काय घ्यावं: एक टीव्ही की तीन टॅब?

गावाने वर्गणी काढून शाळेला ३० हजार दिलेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत टीव्ही की टॅब यावर खल चाललाय, अशा कुणासाठी हे लिहितेय. मी अजून शिक्षिका झालेले नाही, डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण आंतरवासितेला (इंटर्नशिपला) मला दोन शाळा मिळाल्या. एकीत भिंतीवर ४३ इंची टीव्ही, दुसरीत तीन टॅब. पाठ दोन्हीकडे घेतले, फजितीही दोन्हीकडे झाली.

टीव्हीचं सुख म्हणजे सगळ्यांचे डोळे एका जागी. समुद्र कधीच न पाहिलेल्या चौथीच्या पोरांना भरती-ओहोटी दाखवली तेव्हा वर्ग चिडीचूप होता. ते फळ्यावर बाण काढून मला जमलं नसतं. पण दुपारी दोननंतर खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येई. सतरंजी टांगली की टीव्ही दिसे, वही दिसेना. शिवाय वीज गेली की पाठ तिथेच संपला. आणि चित्रफीत झाल्यावर ‘कळलं का?’ विचारलं की ‘होऽऽ बाई!’ एका सुरात. त्यातला कुणाचा ‘हो’ पोकळ आहे, ते काही समजत नसे.

ते समजलं टॅबवर. चौथीत सात मुलं, विषय अपूर्णांक. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशनं (पडद्यावर बोटाने करून बघायचे प्रयोग) मराठीतही आहेत आणि उतरवून घेता येतात, ती वापरली. पहिल्या दिवशी प्रत्येक गटात एकाने टॅब मांडीवर घेतला आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावत बसले. दुसऱ्या दिवशी नियम केला: बोट एकाचं, सांगणार दुसरा. सांगणाऱ्याने ‘तीन छेद चार’ म्हणायचं, बोटवाल्याने तेवढे तुकडे रंगवायचे. एक मुलगी भराभर रंगवत होती. सहज विचारलं, तीन छेद चार मोठं की तीन छेद आठ? म्हणाली, ‘आठवालं. आठ मोठे ना!’ आदल्या आठवड्यात हिने फळ्यावरची सगळी उदाहरणं बरोबर सोडवली होती. दोन्ही आकृत्या एकाखाली एक रंगवायला लावल्यावर ती बराच वेळ नुसती बघत राहिली, मग हळूच म्हणाली, ‘तुकडे बारके झाले.’ (मला पाठाच्या टाचणात उद्दिष्ट म्हणून हेच लिहायचं होतं, शब्द मात्र इतके चांगले सुचले नव्हते.)

इंटरनेटच्या बाबतीत दोघांतही फार डावं-उजवं नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर जाता येतं, हे खरं. पुस्तकांत असे कोड वापरणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा या कोडचा बराच बोलबालाही झाला. पण रेंज व्हरांड्याच्या टोकाला असेल तर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. सगळं आदल्या रात्री घरी उतरवून न्यावं लागतं. टीव्हीला एक पेनड्राइव्ह पुरतो, टॅबवर तेच काम तीनदा. टॅब पडतात, त्यांच्या बॅटऱ्या उतरतात, सकाळी चार्जिंगला एकच प्लग असतो. टीव्ही बिचारा भिंतीवर गप्प असतो. टिकण्याच्या हिशोबात तोच बरा.

तरी माझं मत टॅबकडे झुकतं, आणि त्याचं कारण शाळा द्विशिक्षकी असणं हे आहे. तिसरी-चौथी एकाच खोलीत असताना टीव्ही लावला की तो दोन्ही वर्गांसाठी लागतो. तिसरीला वजाबाकी शिकवताना चौथीची मान पडद्याकडेच. टॅब घेऊन मात्र चौथी कोपऱ्यात बसते आणि मला तिसरीसाठी वीस मिनिटं मिळतात. तुमच्याकडे इयत्तेला स्वतंत्र शिक्षक असेल आणि पट तीसच्या वर असेल, तर मी उलट सांगेन: टीव्हीच घ्या. तीन टॅबवर तीस पोरं म्हणजे नुसती ओढाताण.

टॅबच्या शाळेतल्या मोठ्या बाईंना मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटाच्या किल्ल्या पुढे केल्या. म्हणाल्या, ‘पटलं. आता मे महिन्यात हे तीन टॅब कुणाच्या घरी ठेवायचे, तेवढं सांग.’