कॅनाल द्यू मिदी: एका दिवसासाठी सायकल की बोट?

कॅनाल द्यू मिदी हा दक्षिण फ्रान्समधला जुना कालवा. तो बघायला चौघं त्याच्या काठच्या बेझिए गावी पोहोचलात, हाताशी एकच निवांत दिवस आहे आणि सायकल की भाड्याची बोट यावर एकमत होत नाही. आमचंही होईना. शेवटी आम्ही लागोपाठ दोन दिवस दोन्ही करून पाहिलं, कोलोंबिए ते कापेस्तां या एकाच टप्प्यावर.

सायकल स्वस्त पडते आणि वाटेल तिथे थांबता येतं. मालपासच्या बोगद्याशी सायकली लावून आम्ही आंसेरुनच्या टेकडीवर गेलो. वरून मोंतादीचं तेराव्या शतकात आटवलेलं तळं दिसतं, म्हणजे कापलेल्या केकसारखी मध्याकडे निमुळती होत गेलेली शेतं. कालव्यातून यातलं काहीच दिसत नाही. बुरशीच्या रोगामुळे जुनी झाडं तोडावी लागली आहेत, त्यामुळे मधेमधे ऊन लागतं. पण ते बोटीतही लागतंच.

कालव्याकाठची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली, तिच्यावर झाडांची मुळं वर आलेली. ते धक्के एक वेळ सोसले असते. पण चालायचं एकामागे एक! पुढचा मित्र घरमालकाशी झालेलं भांडण रंगवून सांगत होता. दुसरा हसला, तिसऱ्याने "काय म्हणाला?" विचारलं, आणि चौथ्या नंबरावर मला फक्त वारा ऐकू आला. कापेस्तांला उतरल्यावर पुन्हा सांग म्हटलं, तर म्हणे, "आता मजा गेली."

बोट महाग, हे खरं. चालवायला परवाना लागत नाही, पण चाक फिरवल्यावर ती जरा विचार करून वळते; पहिला अर्धा तास आम्ही या काठावरून त्या काठावर. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर. जलपाशांवर, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली नेणाऱ्या दारांवर, जेवणाच्या सुट्टीत ताटकळावं लागतं असं ऐकून आम्ही धास्तावलो होतो, पण फोंसेरानपासून आर्जांपर्यंत जवळपास ५४ किलोमीटरांत एकही जलपाश नाही. पाण्याची पातळी मोडू नये म्हणूनच तर कालवा बांधणाऱ्या रिकेने मालपासची टेकडी पोखरली! त्या १६५ मीटरच्या गारव्यात चौघंही गप्प झालो, दिवसभरात तेवढंच. बाकी वेळ मधे ब्रेड, चीज, घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि घरमालकाचा किस्सा, या वेळी अगदी पहिल्यापासून.

दिवसात जास्त ठिकाणं बघायची असतील तर सायकलच बरी. आमच्यासारखे बोलघेवडे असाल तर बोटीचा विचार करा. फक्त किस्से सांगणाऱ्याच्या हाती चाक देऊ नका. कापेस्तांचा पूल फार ठेंगणा आहे आणि तो बोलताना समोर बघत नाही.