हरिपाठाची सर्व्हिस: आठ महिने चालवल्यानंतर

गावच्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. बाहेरगावी गेलेल्यांना तो ऐकता यावा म्हणून मिक्सरची लाइन यूएसबी साउंडकार्डातून रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकात घेतली. (पायच्या जॅकमधून आवाज फक्त बाहेर जातो, आत येत नाही, हे मला पिन खुपसल्यावर कळलं.) पुढे एफएफएमपेग हा आवाजाचं रूपांतर करणारा प्रोग्राम त्याचं ६४ केबीपीएसचं एमपी३ करून भाड्याच्या सर्व्हरवरच्या आइसकास्टला (ऐकणाऱ्यांपर्यंत थेट प्रक्षेपण पोचवणारा प्रोग्राम) पाठवतो. चोवीस तास चालू ठेवलं तरी डेटा दिवसाला ७०० एमबीच्या आत.

आधी लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून दुसऱ्या संगणकावर कमांड द्यायची सोय) पायमध्ये शिरून हे सगळं सुरू करणारी स्क्रिप्ट चालवायचो. लॅपटॉप मिटला की हरिपाठ बंद. मग लॅपटॉप मिटला तरी काम चालू ठेवणाऱ्या 'स्क्रीन' प्रोग्राममध्ये चालवून पाहिली, पण लाइट गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणारा, पडले तर उठवणारा व्यवस्थापक) दहा-बारा ओळींची सर्व्हिस फाइल लिहिली, पाय सुरू होताच तीही सुरू व्हावी म्हणून एनेबल केली आणि निवांत झालो. चार दिवस.

पाचव्या दिवशी लाइट जाऊन आली. पाय झटकन उठला, ब्रॉडबँडला दोन-तीन मिनिटं लागली. तेवढ्यात स्क्रिप्ट लागोपाठ पाच वेळा पडली आणि सिस्टिमडीने नाद सोडला. 'रिस्टार्ट=ऑलवेज', म्हणजे 'पडली की नेहमी उठव', असं लिहिलेलं असूनही! दहा सेकंदांत पाच प्रयत्न ही त्याची मुळातली मर्यादा, आणि दोन प्रयत्नांमध्ये तो जेमतेम १०० मिलिसेकंद थांबतो. 'रिस्टार्टसेक=१०', म्हणजे मधला थांबा दहा सेकंदांचा, केल्यापासून हा त्रास गेला. 'नेटवर्क आल्यावरच सुरू कर' सांगणाऱ्या सिस्टिमडीच्या 'नेटवर्क-ऑनलाइन' अटीवर विसंबू नका. राउटरने पत्ता दिला की ते खूश, पुढे इंटरनेट असो वा नसो. साउंडकार्डही नंबराऐवजी नावाने द्या, रीबूटनंतर नंबर बदलू शकतो.

खरी फजिती मात्र वेगळीच झाली. ठाण्याहून आत्याचा फोन: "अरे, टाळ नाही, पखवाज नाही, आज हरिपाठ नाही का?" स्टेटस पाहिलं तर हिरवंगार, 'ॲक्टिव्ह (रनिंग)'. जर्नलमध्येही (सिस्टिमडीची नोंदवही) एक चूक नाही. देवळात कुणीतरी आमची पिन काढून तिथे मोबाइल लावला होता, आणि आमची सर्व्हिस इमानेइतबारे तासभर शांतता प्रसारित करत होती. प्रोसेस मेली तर सिस्टिमडी उठवतो, पण आवाज मेलेला त्याला कळायचा कसा?

म्हणून एफएफएमपेगचा 'सायलेन्सडिटेक्ट' फिल्टर लावला: मिनिटभर आवाज नसेल तर जर्नलमध्ये ओळ पडते. दोन दिवस एकही ओळ दिसेना. जर्नल भरू नये म्हणून मी एफएफएमपेगची लॉगलेव्हल (कुठल्या नोंदी लिहायच्या ती पातळी) 'वॉर्निंग' ठेवली होती, म्हणजे फक्त इशारे आणि चुका, आणि ही ओळ येते साध्या माहितीच्या 'इन्फो' पातळीला. आता लेव्हल 'इन्फो', सोबत 'नोस्टॅट्स', म्हणजे सतत येणारी प्रगतीची ओळ बंद. दुसरी छोटी स्क्रिप्ट ती ओळ पाहून मला टेलिग्रामवर कळवते, तेही फक्त हरिपाठाच्या वेळेत. एरवी मिक्सर बंदच असतो.

गेल्या एकादशीला निरोप आला. लगेच पुजारीकाकांना फोन लावला.

"थांब, बघतो," म्हणाले. "हां, पोरानं परत मोबाइल खुपसलाय."

आत्याचा फोन यायच्या आत पिन जागेवर होती.