जेकबसन पद्धतीचं स्नायू-शिथिलीकरण : काही महिने रोज केल्यानंतर

चिंता, रात्री झोप लवकर न लागणं, मान-खांदे आखडणं, ताणाने चढणारी डोकेदुखी अशा तक्रारी घेऊन समुपदेशकाकडे गेलं, की सुरुवातीलाच बहुधा एकेक स्नायुगट आवळून सोडण्याची ही पद्धत शिकवली जाते. बरेच जण आठवडाभर करतात आणि सोडून देतात. काही महिने नेटाने केल्यावर आमचं मत पक्कं झालं आहे : पद्धत खणखणीत आहे, पण ती करताना सगळे घाई करतात, आणि तीही नेमकी जिथे थांबायला हवं तिथे.

एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी ती बसवली. त्यांचं याविषयीचं पुस्तक १९२९ मध्ये आलं. मन धास्तावलं की स्नायू आवळतात, आणि आवळलेले स्नायू मनाला स्वस्थ बसू देत नाहीत. हे चक्र स्नायूंच्या बाजूने सैल करता येतं, हा त्यांचा मूळ विचार. त्यांचा अभ्यासक्रम फार लांबलचक होता. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी तो बराच आटोपशीर केला. आज सहसा १६ स्नायुगटांची आवृत्ती शिकवतात.

क्रम असा. ज्या हाताने लिहिता त्याची मूठ आणि कोपरापर्यंतचा भाग, मग त्याच हाताचा दंड. दुसरा हातही तसाच. मग कपाळ (भुवया वर), डोळे आणि नाक, गाल-जबडा, मान. छाती, खांदे आणि पाठ एकत्र, त्यासाठी खांद्याची पाती मागे जुळवायची. पोट. शेवटी मांडी, पोटरी, पाऊल; आधी एक पाय, मग दुसरा. प्रत्येक गट ५ ते ७ सेकंद आवळायचा, एकदम सोडायचा, ३० ते ४० सेकंद तिथेच लक्ष ठेवायचं आणि हेच पुन्हा एकदा. पूर्ण फेरीला पंचवीस-तीस मिनिटं लागतात.

'एकदम सोडायचा' यावर अडून बसावं लागतं. मूठ हळूहळू उघडली तर उघडेपर्यंत स्नायू कामच करत असतात. सोडताक्षणी हात चटईवर पडला पाहिजे. मग बोटं आपोआप अर्धवट वाकलेली राहतात, तळव्यात ऊब येते, मनगट जड होतं. हे पहिल्या काही सेकंदांत जाणवतं. त्यानंतर जरा वेळाने हात आणखी थोडा सैल होतो, आणि खरा धडा तिथे आहे. फोनवर मिळणाऱ्या कित्येक ध्वनिमुद्रणांत दहा सेकंदांत पुढचा गट येतो आणि हा टप्पा निसटतो. त्यापेक्षा घड्याळ समोर ठेवून स्वतःच्या आवाजात मराठीत सूचना मुद्रित कराव्यात : "उजवी मूठ आवळा… सोडा," आणि मग पुरेशी शांतता.

बाकी चुका ठरलेल्या आहेत. पूर्ण ताकद लावू नये, निम्मी-पाऊण पुरते. हात थरथरला तर जास्त झालं. आवळताना श्वास कोंडला तर रक्तदाब वर जातो, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी हलकंच आवळावं, श्वास चालू ठेवावा आणि आधी डॉक्टरांना विचारावं. पोटरीसाठी पावलाची बोटं खाली ताणली तर हमखास गोळा येतो. ती अंगाकडे ओढावीत आणि पावलाचा गट ५ सेकंदांतच सोडावा. दात खाण्याची सवय असेल तर जबडा आवळू नये, जीभ टाळूला दाबली तरी काम होतं. मणक्याचा किंवा मानेचा त्रास असल्यास तो गट सरळ गाळावा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवाव्यात. जेवणावर लगेच करू नये, आणि संपल्यावर कुशीवर वळून सावकाश उठावं, नाहीतर गरगरतं.

काहींना शिथिल होतानाच धडधड वाढते. शरीराकडे लक्ष गेल्याने किंवा ताबा सुटतोय असं वाटल्याने असं होतं. डोळे उघडे ठेवून, बसून, फक्त हात-पाय करावेत. भीती वाढतच राहिली, किंवा आघाताच्या आठवणी वर आल्या, तर एकट्याने रेटू नये. उपचार करणाऱ्याला सांगावं. चालू गोळ्या याच्या भरवशावर बंद करू नयेत.

शवासन येणाऱ्यांना वाटतं, मग हे कशाला? ज्यांचा खांदा वर्षानुवर्षं कानाकडे चढलेला आहे त्यांना तो चढलाय हेच कळत नसतं. नुसतं 'सैल सोडा' म्हणून तो खाली येत नाही. मुद्दाम आवळून सोडला की फरक कळतो. एकदा कळला की आवळण्याची गरज उरत नाही, मग शवासनही जास्त चांगलं जमतं.

खरी कमाई पुढच्या टप्प्यात आहे, आणि बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत. १६ गट जमले की ते एकत्र जोडून ७ करायचे, मग ४ : दोन्ही हात, चेहरा-मान, धड, दोन्ही पाय. त्यानंतर न आवळता नुसतं सोडायचं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८७ मध्ये हा जिना नीट मांडला : न आवळता सोडणं, मग श्वास सोडताना 'सैल' असा एखादा शब्द मनात म्हणून सोडणं, मग काम करता करता, आणि शेवटी २०-३० सेकंदांत, घाबरगुंडीची पहिली चाहूल लागताच. 'काम करता करता'चा टप्पा आम्हाला सगळ्यांत उपयोगी पडला. भाजी चिरताना मनगट लागतं, जबडा लागत नाही. टाइप करताना बोटं लागतात, खांदे उचलायची गरज नसते. फोनवर किंवा बाथरूमच्या आरशावर रंगीत ठिपका चिकटवावा. तो दिसला की जबडा, खांदे, पोट तपासायचं आणि जे उगाच आवळलेलं असेल ते सोडायचं. ठिपक्याची सवय होऊन तो दिसेनासा झाला की रंग बदलायचा.