रत्नागिरी ते टोरंटो, कुठलं विमान अंगाला मानवलं

मुलीकडे टोरंटोला जाऊन आलो, सोबत आई, वय ७४ आणि गुडघे त्याहून म्हातारे, म्हणून हे लिहितोय. जाताना मुंबई-दुबई ट्रिपल सेव्हन (बोईंग ७७७), पुढे ए-३८० (एअरबसचं दोन मजली विमान), येताना लंडनवरून ड्रीमलायनर (बोईंग ७८७).

ट्रिपल सेव्हनमध्ये हल्ली बऱ्याच कंपन्या ३-४-३ बसवतात, आधी रांगेत ९ सीट असायच्या, आता १०, त्यामुळे रुंदी जेमतेम १७ इंच. शेजारचा धिप्पाड असला की गणपतीतल्या तुतारी एक्सप्रेसच्या जनरल डब्याची आठवण. तीन तास होते म्हणून निभावलं.

ए-३८० मात्र राजा! खालच्या मजल्यावर पण १०च सीट, पण विमानच रुंद, सीट साधारण १८ इंच, एका इंचानं काय होतंय म्हणाल तर चौदा तास बसून बघा. आवाज तर इतका कमी की आई चक्क घोरत होती. बनवायचं २०२१ ला बंद केलं, वाईट वाटतं.

ड्रीमलायनरची सीट परत १७ च्या आसपास, पण हवा वेगळी. आतला दाब ६००० फुटांवर असल्यासारखा ठेवतात, जुन्या विमानांत ८००० पर्यंत जातो, हवेत ओलावा पण जास्त, त्यामुळे डोकं जड नाही, घसा कोरडा नाही, आईचे पाय पण कमी सुजले. खिडकीला शटर नाही, बटन दाबलं की काच काळी होते, आई दोन तास तेच करत बसलेली.

मुंबईवरून घरी यायला मग हायवेचे खड्डे होतेच, तिथे कुठल्याच सीटचा उपयोग नाय.