आधी फोन करून विचारा, भाकरीवाल्या मावशी आल्यात काय?

गेल्या जूनपासून आम्ही या हॉटेलात जातोय. बेळगावात खानापूर रोडवर, शहर संपत आलं असं वाटायला लागतं तिथे आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि माणसं रोजच्या ओळखीची झालीत. आठ महिन्यांत पंधरा-सोळा वेळा तरी जेवलो असू. बहुतेक वेळा आई, बायको, मुलगी आणि मी.

मेनू कार्ड चौदा पानांचं. पनीरच्याच एकवीस भाज्या, मी मोजल्यात. पहिले दोन महिने आम्ही तेच मागवत होतो. पनीर कढई, पनीर टिक्का मसाला, पनीर आणखी काहीतरी. नावं वेगळी, ग्रेव्ही एकच. चायनीज मुलीला आवडतं, त्याबद्दल माझं मत विचारू नका.

कार्ड कन्नड आणि इंग्रजीत आहे. आईला दोन्ही वाचता येत नाहीत, म्हणून ती सरळ वाढप्यालाच विचारते, "आज ताजं काय हाय रे बाळा?" तो खानापूरकडचा पोरगा, मराठी बोलणारा. त्यानेच ऑगस्टमध्ये आम्हाला शेवटचं पान दाखवलं. तिथे कोपऱ्यात ज्वारीच्या भाकरीचं जेवण आहे. दोन भाकऱ्या, एणगाई म्हणजे आपली भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, दही, कांदा, आमटी-भात. तेव्हा १८० रुपये होते, जानेवारीपासून २०० झालेत.

त्या दिवसापासून उरलेली तेरा पानं आमच्यासाठी संपली. वांग्याच्या मसाल्यात दाण्याचा कूट आणि कारळं दोन्ही, तेल वर आलेलं, पण घशाशी येणारं नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात. पापुद्रा सुटलेला, मधे वाफ. आई भाकरीच्या बाबतीत कुणाचं कौतुक करत नाही, माझ्या बायकोचंही नाही. ती पहिला घास खाऊन म्हणाली, "पीठ ताजं हाय." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आमच्या घरात मिळत नाही.

मग सप्टेंबरमध्ये फजिती झाली. माझे मामा कोल्हापूरहून आले होते, त्यांना मोठ्या हौसेने घेऊन गेलो. भाकऱ्या आल्या त्या कडेला चिरलेल्या, उचलली की तुटणाऱ्या, कोरड्या. मामा काही बोलले नाहीत, दह्यात कुस्करून खाल्लं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पिठाची विरी गेली असेल, उकळतं पाणी घातलं नसेल, मळायचा कंटाळा केला असेल, तर भाकरी लगेच चुगली करते. निघताना तो पोरगा हळूच आईला म्हणाला, "मावशी, आज भाकरी सांगायची नव्हती. थापणाऱ्या मावशी गावाला गेल्यात." मालकाने काउंटरवरून हे सांगायला हवं होतं, पण तो १८० रुपयांचं ताट कशाला सोडेल!

तेव्हापासून निघायच्या आधी मी फोन करतो. मावशी असल्या तर भाकरी, नसल्या तर आम्ही घरी पिठलं-भात.

बाकीचं थोडक्यात. मटण दोनदा खाल्लं. रस्सा झणझणीत, तुकडे चिवट. भात लांब दाण्याचा आणि कार्डावर 'बासमती' लिहिलेलं. आई इथल्याच अनगोळची. तिच्या लेखी बासमती म्हणजे अनगोळ, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातला तो बारका, वासाचा तांदूळ. शिजायला लागला की शेजाऱ्यांना कळायचा. हे ताट समोर आलं की ती दरवेळी एकदा तरी "ह्येला बासमती म्हणत्यात?" विचारते, आणि पोरगा दरवेळी हसतो. गोडात कुंदा मिळतो, पण वाटीत दोन चमचे. त्यापेक्षा गावात जाऊन पाव किलो बांधून घ्या.

पार्किंगची जागा पावसाळ्यात निव्वळ चिखल. रविवारी रात्री आठनंतर अर्धा तास उभं राहावं लागतं आणि नंबर लावायची काही पद्धत नाही, जो पुढे घुसेल त्याचं टेबल. पाण्याची बाटली न विचारता फोडून ठेवतात. बसल्याबसल्या "साधं पाणी" म्हणून टाका.

एकदा बिलात सर्व्हिस चार्ज आला. जीएसटीचे पाच टक्के ठीक, ते भरतो. पण सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मी एवढंच म्हटलं, "हे काढा की ओ." वाद न घालता नवीन बिल दिलं. पन्नास रुपये त्या पोराच्या हातात ठेवले. ते त्याच्यापर्यंत पोचणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

परवा बुधवारी फोन केला. पलीकडून मालक म्हणाला, "आल्यात, पण साडेनऊला जातात. लवकर या." आईने तोवर चपला घातल्या होत्या.