बिनदुधाची थंडाई: दाणे, नारळ की बदाम-मगज?

दूध पचेनासं झालं तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षं, जळगावच्या आमच्या घरी होळीला थंडाई बिनदुधाची होते. मसाला नेहमीचाच: बडीशेप, मिरी, वेलची, खसखस, गुलाबपाकळ्या, जमलं तर केशर. घोळ होतो तो दुधाच्या जागी काय घ्यायचं यावर.

पहिल्या वर्षी शेंगदाणे भिजवले. दाणे नसलेलं घर खान्देशात सापडायचं नाही, आणि वाटायलाही सोपे. पण वेलची कितीही घाला, वास दाण्यांचाच. आजीने घोट घेतला आणि म्हणाली, "हाई काय शे? गोड आमटी?" तो विषय तिथेच संपला.

नारळाच्या दुधाशी मात्र मी दोन वर्षं जमवून घेतलं. चव छान, कष्ट कमी, केशराचा रंगही खुलतो. ताजी प्यायलात तर तक्रारीला जागा नाही. पण आमच्याकडे मार्चमध्येच ऊन चटके देतं, थंडाई गारच लागते. आणि खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवतो ती त्यामुळेच. फ्रिजमधल्या थंडाईवरही तोच मेणचट थर धरतो. ढवळला की त्याचे कण होतात, ते ओठाला आणि टाळूला चिकटतात. पाणी वाढवलं, गाळून पाहिलं, पुन्हा मिक्सरला लावलं. तासाभराने परत तेच! धुळवडीला दोन-तीन पेले अर्धे राहिले. कुणी काही बोललं नाही, पण मला कळलं. कोकणातल्या माणसाला कदाचित हे खटकणारही नाही.

बदाम-मगज (मगज म्हणजे टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया) खिशाला जड, आणि फडक्यातून पिळताना मनगट भरून येतं. चार पेल्यांना तीसेक बदाम, दोन चमचे मगज, चमचाभर खसखस. सगळं रात्रभर भिजवायचं. खसखस वेगळी भिजवून आधी वाटा, नाहीतर कचकच राहते. हे दूध उकळू नका, फुटतं. तळाला गाळ बसतो, पण चमचा फिरवला की मिसळतो. मुळात थंडाईत बदाम आणि मगज असतातच, त्यामुळे काही काढून घेतल्यासारखं वाटत नाही.

वाटून लगेच प्यायची असेल तर नारळ घ्यायला हरकत नाही. रात्री करून सकाळी रंग खेळून आल्यावर प्यायची असेल, तर मी तरी बदामच भिजवीन. चोथा टाकू नका; गुळात परतला की लाडू वळतात.