स्विच ओलेड की स्टीम डेक ओलेड? काचेइतकीच स्टिकही बघा

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, घेताना सगळे स्क्रीनची चौकशी करतात. प्रत्यक्षात आधी कुरकुरते ती बहुधा अंगठ्याने फिरवायची स्टिक. तरी सुरुवात स्क्रीनपासूनच करू.

निन्टेन्डो स्विच ओलेडचा (२०२१) पडदा ७ इंची, १२८० × ७२०. २०१७ च्या मूळ स्विचवर प्लास्टिक होतं आणि त्यावर ओरखडे पटकन उठायचे. ओलेडवर काच आली. या काचेवर कंपनीनेच एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, फुटल्यास तुकडे उडू नयेत म्हणून. कारखान्यातलं संरक्षक प्लास्टिक समजून ती सोलू नका. टेम्पर्ड ग्लास लावायची तर तिच्यावरच लावा.

वाल्व्हच्या स्टीम डेक ओलेडला (२०२३) ७.४ इंच, १२८० × ८०० आणि ९० हर्ट्झ मिळतात. १ टीबी मॉडेलची काच चकाकी कमी करणारी, पृष्ठभाग किंचित खरबरीत केलेली (एच्ड). खिडकीशेजारी खेळणाऱ्यांना ती सुखाची. पण वर साधा चकचकीत प्रोटेक्टर लावलात तर चकाकी परत येते आणि त्या काचेचे जादा पैसे वाया.

टचचा खरा उपयोग डेकवर जास्त. डेस्कटॉप मोडमध्ये, म्हणजे डेक साध्या संगणकासारखा वापरताना, टाइप करायला बोट सोयीचं; बारीक मेन्यूंसाठी मात्र डेकवरचे ट्रॅकपॅड बरे. स्विच डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) गेला की पडदाच झाकला जातो, म्हणून टचवर अडणारे गेम तिथे मोजकेच.

आता स्टिक. जॉय-कॉन म्हणजे स्विचच्या दोन्ही बाजूंचे सुटे कंट्रोलर; त्यांच्या स्टिकच्या ड्रिफ्टवरून अमेरिकेत २०१९ मध्ये खटले झाले. आतले घासणारे संपर्क झिजतात आणि स्टिकला हात न लावता गेममधलं पात्र आपोआप चालू लागतं. डेकच्या स्टिकही याच जातीच्या, म्हणजे अमरपट्टा तिथेही नाही. फरक दुरुस्तीत आहे. जॉय-कॉन सरळ काढून दुसरा लावता येतो, फक्त तो स्वस्त नसतो. डेकचं मागचं झाकण उघडलं की स्टिकचं सुटं मॉड्यूल बदलता येतं, आणि ओलेड मॉडेलचा डिस्प्ले बदलायला तर मागचं झाकणही काढावं लागत नाही. स्विचच्या छोट्या भावापासून, स्विच लाइटपासून, लांब राहा: स्टिक अंगातच, म्हणजे ड्रिफ्ट आला की अख्खं यंत्र उघडायचं.

भारतात दोन्ही अधिकृतपणे विकले जात नाहीत, त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. स्क्रू फिरवायची तयारी असेल तर डेक घ्या. घरात लहान मुलं असतील तर स्विच: जॉय-कॉनसकट ४२० ग्रॅम, डेक सुमारे ६४०. जुना घेत असाल तर सेटिंगमधल्या कॅलिब्रेशनमध्ये स्टिक सोडून बघा. ठिपका मधोमध थांबला नाही तर भाव पाडा, नाहीतर पुढचं दुकान गाठा.